संतपद कोण देते?

बेंगळुरूच्या जयनगरात, जिथे मी राहतो, राघवेंद्र स्वामींच्या मठासमोर गुरुवारी मोठी रांग लागते. स्वामींचे थोरपण कोणी प्रमाणित केले, असे त्या रांगेत कोणी विचारत नाही. ज्ञानेश्वर-तुकारामांनाही संतपद कोणत्या कार्यालयाने बहाल केलेले नाही. म्हणूनच ‘व्हॅटिकनकडून संतपद’ अशी बातमी वाचताना आपले दोन गैरसमज होतात. पोप संत घडवतात, हा पहिला. आणि तो निर्णय सर्व ख्रिस्ती समाजाला बांधील असतो, हा दुसरा.

कॅथलिक मतानुसार चर्च कोणाला संत बनवत नाही. ती व्यक्ती स्वर्गात ईश्वरासन्निध आहे, असे जाहीर करते. त्यानंतर भाविक तिच्याकडे मध्यस्थीची याचना करू शकतात. मात्र त्या घोषणेमागची चौकशी एखाद्या न्यायालयाला शोभावी अशी असते. वसईचे गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतर पंचवीस जणांसह क्रुसावर मारण्यात आले. धन्य ही पायरी 1627 मध्ये आली, संतपद 1862 मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर 265 वर्षांनी. गोव्याच्या बाणावलीचे जोसेफ वाझ 1711 मध्ये कँडीत निवर्तले. त्यांना 2015 मध्ये संत घोषित करताना पोप फ्रान्सिस यांनी दुसऱ्या चमत्काराची अट शिथिल केली. 1983 पूर्वी या प्रक्रियेत उमेदवाराच्या विरुद्ध युक्तिवाद करणारा एक अधिकारी असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. जॉन पॉल दुसरे यांच्या सुधारणांनी ती भूमिका जवळपास संपवली. मला ते रुचलेले नाही. प्रतिकूल टिपण लिहिणारा अधिकारी हा फायलीचा हितचिंतकच असतो.

प्रोटेस्टंटांचा आक्षेप कार्यपद्धतीला नसून मुळालाच आहे. ईश्वर आणि मनुष्य यांच्यात ख्रिस्त हा एकच मध्यस्थ. मग संतांचा धावा कशासाठी? पौलाच्या पत्रांत हा शब्द सर्वच श्रद्धावंतांसाठी येतो, आणि मराठी बायबलने तेथे ‘पवित्र जन’ असा नेमका पर्याय योजला आहे. अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांपैकी बाविसाव्या कलमाने संतांच्या धाव्याला शास्त्राधार नाकारला. तरीही त्याच चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिल हा पंडिता रमाबाईंच्या स्मरणाचा दिवस आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये याच चर्चमध्ये झाला, आणि पुढे त्याच्याच धर्माधिकाराशी त्यांनी निर्भीडपणे वाद घातला. तेथे त्यांचे स्मरण होते, कृतज्ञता व्यक्त होते. नवस मात्र बोलला जात नाही.

केरळात तर ही रेषा एकाच परंपरेच्या मधून जाते. परुमला येथील मार ग्रेगोरिओस यांना मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चने 1947 मध्ये रोमला न विचारता संत घोषित केले. लोकांची भक्ती त्याआधीच रुजली होती. त्याच सीरियन परंपरेतील सुधारक अब्राहम मल्पान यांनी 1837 मध्ये मारामोन येथे मिरवणुकीतली एका संताची लाकडी मूर्ती विहिरीत टाकली होती. त्यांच्या सुधारणेतून पुढे मार्थोमा चर्च उभे राहिले.

हा तपशील शासनाच्याही उपयोगाचा आहे. जिल्हा पातळीवरच्या बैठकांना ‘ख्रिस्ती प्रतिनिधी’ म्हणून एकाच बिशपांना निमंत्रण देऊन मोकळे होण्याची सवय मी सेवाकाळात पाहिली. राज्यघटनेचे 26वे कलम मात्र धर्मसंप्रदायालाच नव्हे, तर त्याच्या कोणत्याही विभागालाही आपले धार्मिक व्यवहार चालवण्याचा अधिकार देते. सेंट झेवियर यांच्या अवशेषांच्या 2024-25च्या दर्शनसोहळ्यापूर्वी गोव्यात त्यांच्या डीएनए तपासणीची मागणी झाली आणि लोक रस्त्यावर आले. गर्दी, वाहतूक, पिण्याचे पाणी आणि बॉम जीझस या संरक्षित स्मारकाची देखभाल ही शासनाची कामे होती. अवशेषांच्या पावित्र्याचा निवाडा त्या कामांच्या यादीत कधीच नव्हता. आणि त्याबाबत मौन राखणाऱ्या एखाद्या प्रोटेस्टंट पाद्रीकडून निषेधाच्या पत्रकावर सही मागण्याचेही कारण नव्हते.