आपल्या घराची किंमत शेजारची घरं ठरवतात
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय घराच्या किमतीचा आहे, पण घराच्या आतलं आपण काहीच बोलणार नाही. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, गॅलरीतून दिसणारी टेकडी, हे सगळं बाजूला ठेवू. बोलायचंय ते आजूबाजूच्या घरांबद्दल. तुमच्या घरासारखी किती घरं त्या भागात आज विकायला आहेत आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी किती येणार आहेत, याचा तुमच्या किमतीशी काय संबंध? आणि बँकेकडून मूल्यांकनाला येणारा माणूस हे कसं मोजतो? उदाहरणं पुण्याची घेतो, कारण तिथे एकाच शहरात दोन अगदी वेगळे बाजार बघायला मिळतात.

पहिली गोष्ट, बाजार फार छोटा असतो. ‘पुण्यात भाव वाढले’ या वाक्याचा एका घराच्या बाबतीत फारसा उपयोग नाही. पुनावळ्यात टू बीएचके शोधणारं कुटुंब रावेत बघतं, ताथवडे बघतं, वाकड बघतं. ते सदाशिव पेठेत जात नाही. म्हणजे पुनावळ्याच्या फ्लॅटची स्पर्धा या चार-पाच किलोमीटरमधल्या, त्याच आकाराच्या फ्लॅटशी आहे.

आता दोन भाग शेजारी ठेवा. एक, हिंजवडीच्या आयटी पार्कभोवतीचा पट्टा, जिथे शेतजमिनीवर टॉवर उभे राहिले. दुसरा, कोथरूड. तिथे मोकळी जमीन जवळजवळ संपली आहे, टेकड्यांवर बांधकामाला निर्बंध आहेत. समजा दोन्हीकडे मागणी सारखीच वाढली. पहिल्या भागात भाव थोडे चढतात आणि लगेच नवे प्रकल्प, नवे फेज जाहीर होतात. मागणीतला बराचसा भाग नव्या घरांत जिरतो. कोथरूडमध्ये नवी घरं पटकन येऊच शकत नाहीत, म्हणून तीच मागणी सरळ भावात चढते. अर्थशास्त्रात याला पुरवठ्याची लवचिकता म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट एवढीच आहे.

यात एक गोम आहे. जमीन घेण्यापासून किल्ल्या हातात पडेपर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. तेजीत दहा बिल्डर एकाच वेळी सुरुवात करतात, आणि त्यांची घरं तयारही साधारण एकाच वेळी होतात. तोपर्यंत तेजी टिकलेली असेलच असं नाही.

अशा वेळी सर्वांत अडचणीत कोण येतं? रीसेलवाला. त्याच्याकडे एकच फ्लॅट आहे. समोरच्या बिल्डरकडे दोनशे आहेत, सेल्स ऑफिस आहे, सॅम्पल फ्लॅट आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, रीसेलवर लागत नाही, हा एक फायदा रीसेलवाल्याला मिळतो. पण बिल्डर छापील दर न उतरवता किंमत उतरवू शकतो. ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडे’, ‘पार्किंग फुकट’, ‘पझेशनपर्यंत हप्ता नाही’. करारनाम्यावर आकडा तोच राहतो. खरी किंमत मात्र खाली आलेली असते, आणि ती कागदावर कुठेही दिसत नाही. हे लक्षात ठेवा, मूल्यांकनाकडे वळल्यावर लागेल.

मूल्यांकनाच्या मुख्य पद्धती तीन. घर आज पुन्हा बांधायला किती लागेल, ही खर्चाची पद्धत. भाडं किती येतं, ही उत्पन्नाची पद्धत. आणि त्याच भागात तशी घरं कितीला विकली गेली, ही तुलनेची पद्धत. फ्लॅटसाठी बहुतेक वेळा तिसरीच वापरतात. व्हॅल्यूअर अलीकडचे नोंदवलेले व्यवहार घेतो आणि मजला, वय, पार्किंग, कार्पेट एरिया यांप्रमाणे आकडा वरखाली करतो.

या पद्धतीची अडचण अशी की ती मागे बघून चालते. सहा महिन्यांपूर्वी नोंदवलेला व्यवहार त्याच्याही आधी ठरलेला असतो. मधल्या काळात समोर दोन टॉवर विक्रीला लागले, तर जुन्या व्यवहारांत त्यांचा परिणाम दिसणार कसा? अनुभवी व्हॅल्यूअर हे ओळखतो आणि आकडा थोडा खाली धरतो. आपल्याला वाटतं, हा माणूस मुद्दाम कमी लावतोय. बऱ्याचदा तो फक्त खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन मोजत असतो.

पुरवठ्याचा आणखी एक परिणाम आहे. घरं भरपूर आणि एकसारखी असतील, तर तुलनेला माल भरपूर मिळतो आणि दोन व्हॅल्यूअरचे आकडे जवळजवळ येतात. पेठेतल्या एखाद्या गल्लीत वर्षात मोजकेच व्यवहार झाले असतील, तर आकड्यांत मोठा फरक पडू शकतो. टंचाईच्या भागात किंमत जास्त असते, पण ती नेमकी किती हे सांगणंही अवघड असतं.

आता हे सगळं खिशापर्यंत आणू. एका घराचे तीन आकडे असतात. करारातली किंमत, रेडी रेकनरची किंमत आणि बँकेचं मूल्यांकन. स्टॅम्प ड्युटी लावताना सरकार करार आणि रेडी रेकनर यांतला मोठा आकडा धरतं. कर्ज देताना बहुतेक बँका करार आणि मूल्यांकन यांतला लहान आकडा धरतात. दोन्ही बाजूंनी भार घेणाऱ्यावर.

एक काल्पनिक हिशेब करू. करार ८० लाखांचा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, म्हणजे ६४ लाख. स्वतःचे १६ लाख, पुण्यातली ७ टक्के स्टॅम्प ड्युटी ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. एकूण २१ लाख ९० हजारांची तयारी ठेवून कुटुंब निघतं. पण परिसरात घरं पडून आहेत, म्हणून मूल्यांकन ७४ लाख आलं. कर्ज उरलं ५९ लाख २० हजार. रेडी रेकनर मात्र ८४ लाख सांगतो, म्हणून ड्युटी ५ लाख ८८ हजार झाली. आता खिशातून लागतात जवळजवळ २७ लाख. टोकन दिल्यावर हे कळलं, तर वरचे पाच लाख आणायचे कुठून?

रेडी रेकनरचे दर विभागवार ठरतात आणि साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. तुमच्या चौकात किती फ्लॅट विक्रीवाचून पडलेत, हे त्या तक्त्याला दिसत नाही. त्यामुळे जिथे घरं जास्त झालीत, तिथे खरा भाव तक्त्याच्या खाली जाऊ शकतो. हा फरक १० टक्क्यांच्या वर गेला, तर आयकराचाही प्रश्न येतो. घेणाऱ्याच्या बाबतीत तो फरक उत्पन्न धरला जाऊ शकतो आणि विकणाऱ्याचा भांडवली नफा वरच्या आकड्यावर मोजला जातो. अशा वेळी सही करण्याआधी सीएला विचारा.

आता परत कोथरूड. जमीन नाही, मग तिथे नवी घरं येतात ती पुनर्विकासातून. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियमावली आली आणि अनेक जुन्या सोसायट्यांची गणितं बसू लागली. समजा वीस फ्लॅटच्या सोसायटीच्या जागी पन्नास होणार. वीस सभासदांचे, तीस विक्रीचे. तुम्हाला मिळणारी वाढीव जागा, कॉर्पस, दोन-तीन वर्षांचं भाडं, हे सगळं त्या तीस फ्लॅटच्या विक्रीतून निघणार आहे. आणि बिल्डरने हिशेब केलाय आजच्या दराने. पण आजचा दर टंचाईचा दर आहे! त्याच परिसरातल्या चाळीस सोसायट्यांनी असाच करार केला, तर विक्रीचे बाराशे फ्लॅट येतील. दर तोच राहील का? नाही राहिला, तर काम रखडतं, भाडं थांबतं, आणि सत्तरीतली माणसं भाड्याच्या घरात अडकतात.

म्हणून सर्वसाधारण सभेत ‘किती टक्के जागा जास्त?’ याच्या आधी तीन प्रश्न विचारा. विक्रीचा दर किती धरलाय? तो १० टक्क्यांनी उतरला तरी हिशेब बसतो का? आणि नाही बसला तर बँक गॅरंटी कितीची आहे? सगळ्यात जास्त जागा देऊ करणारा बिल्डर बऱ्याचदा सगळ्यात आशावादी दर धरणारा असतो.

पुरवठा मोजायचा कसा? घरबसल्या होतं. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पात फ्लॅट किती, बुक किती आणि काम कधी संपणार, हे असतं. आपल्या परिसरातले प्रकल्प काढा, न विकलेल्यांची बेरीज करा. काही महिन्यांनी पुन्हा बघा, म्हणजे महिन्याला किती विकले जातात ते कळेल. बेरजेला त्याने भागा. सहाशे पडून आणि महिन्याला वीस जात असतील, तर अडीच वर्षांचा साठा आहे, घासाघीस करायला वाव आहे. मग नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स टू बघा. त्यात मोबदला आणि बाजारभाव दोन्ही असतात. जाहिरातीतला दर विसरा, नोंदवलेला बघा. आणि शक्य असेल तर टोकन देण्याआधीच बँकेकडून मूल्यांकनाचा अंदाज घ्या.

श्रोत्यांमधून प्रश्न : मग नवी घरं बांधली जाऊ नयेत, यातच आमचं हित नाही का?

उत्तर : तुम्ही घर विकून गावी जाणार असाल, तर कदाचित हो. पण विकून त्याच भागात मोठं घर घ्यायचं असेल, तर तेही तेवढंच महागलेलं असतं, उलट मधला फरक वाढतो. आणि तुमच्या मुलांना त्याच भागात राहायचं असेल, तर ती टंचाईची किंमत त्यांनाच भरायची आहे. नव्या घरांबरोबर रस्ता, पाणी, शाळा आल्या, तर जुन्या घरालाही त्याचा फायदा होतो. त्या आल्या नाहीत तर मात्र गर्दी वाढते आणि भावही पडतो. म्हणून घरं नकोत असं म्हणण्यापेक्षा पाणी आणि रस्ता आधी द्या, असा आग्रह धरणं जास्त हिताचं आहे.