हा लाडू कशाचा?

लातूरच्या ट्यूशन एरियातली खोली असो की नांदेडला विष्णुपुरीकडचं हॉस्टेल, एक नियम सगळीकडे सारखाच. एसटीने गावाकडचा डबा आला की तो कुणाचा, हे कुणी विचारत नाही. झाकण काढायचं आणि हात घालायचा. शेंगदाण्याचे लाडू, धपाटे, चिवडा... पाच मिनिटांत डबा साफ!

आता समजा, महाशिवरात्र किंवा धुळवडीच्या तोंडावर त्याच फळीवर कुणी भांगेचे लाडू ठेवलेत. किंवा सुट्टीत तुम्ही घरी गेलात आणि फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी भांगेची उरलेली थंडाई बाटलीत आहे. दिसायला साधी केशर-बदामाची. उन्हातून आलेला धाकटा भाऊ काय करेल? बाटली थेट तोंडाला लावेल.

‘एवढ्याशा भांगेने काय होतंय?’ असं आपण सहज म्हणून जातो. पण पोटातून जाणारी नशा लगेच कळत नाही. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तोवर ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा लाडू पोटात गेलेला असतो. भांगेतल्या टीएचसी या घटकाचं यकृतात आणखी जोरकस रूप तयार होतं आणि असर कित्येक तास टिकतो. मोठ्या माणसाची छाती धडधडते, जीव घाबरा होतो. लहान मुलाचा तोल जातो, ते गाढ झोपतं, कधी श्वासही मंदावतो.

अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी गांजायुक्त खाऊ चुकून खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या. २०२१ मध्ये त्या ३,०५४ झाल्या. बहुतेक प्रकार घरातच घडले. कॅनडात असा खाऊ कायदेशीर आहे, पण एका पाकिटात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही आणि पाकीट मुलांना उघडता येणार नाही असंच लागतं. आपल्या स्टीलच्या डब्यावर मात्र ना नाव, ना प्रमाण.

कायद्याचंही नीट समजून घ्या. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात नुसती पानं आणि बिया ‘गांजा’त मोडत नाहीत, शेंडे-फुलं मोडतात. पण म्हणून भांग मोकळी नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवणं, बाळगणं, पिणं गुन्हा आहे. आणि गांजा घातलेला केक असेल तर? मिश्रणात अमली पदार्थासोबत इतर गोष्टींचं वजनही धरायचं, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे मैदा-साखरसुद्धा तुमच्या विरोधात! त्यामुळे अशी वस्तू मित्राची म्हणूनही आपल्या कपाटात ठेवून घेऊ नका.

घरात मोठ्यांनी परवान्याच्या दुकानातून भांग आणलीच असेल, तर एवढं तरी सांगा. डब्यावर पट्टी चिकटवून ‘भांग’ असं ठळक लिहा, तारीख टाका. डबा कुलपात ठेवा. खाऊच्या फळीवर किंवा सगळ्यांच्या फ्रिजमध्ये नको. उरलेली थंडाई त्याच दिवशी ओतून टाका. आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात दूध लवकर नासायला लागतं. उलट फ्रिजमध्ये दूध टिकतं, पण नशा कमी होत नाही.

तरीही कुणी चुकून खाल्लंच तर? लिंबू, लोणचं, ताक पाजत बसू नका. झोपाळलेल्या माणसाच्या ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तूप तर नकोच, टीएचसी स्निग्धात विरघळतं. ओकारी काढायला लावू नका. कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका. लहान मूल असेल, किंवा माणूस उठवूनही उठत नसेल तर १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते खरं सांगा. ‘घरचे रागावतील’ म्हणून लपवलं, तर आजार शोधण्यातच वेळ जातो.

पुढच्या वेळी रूमवर अनोळखी डबा दिसला, तर हात घालण्याआधी एकदा विचारा, “हा लाडू कशाचा?” रूममेट हसतील. हसू द्या.