भट्टीच्या बुडातील ओल

घराच्या आवारात विटामातीने बांधलेल्या पावाच्या भट्टीचा घुमट नजरेत भरतो; परंतु तिची उष्णता किती वेळ टिकेल हे बुडाच्या विटांखालील उष्णतारोधक थरावरही अवलंबून असते. छत्तीसगड हा भाताचा प्रदेश असल्याने रायपूरला या थरासाठी भाताच्या तुसाची राख सहज मिळू शकते. भाताच्या वजनात तुसाचा वाटा सुमारे २० टक्के असतो आणि तूस जळाल्यावर मुख्यतः सिलिकायुक्त, सच्छिद्र राख उरते. तिच्यात कोंडलेली हवा उष्णतेला अडवते. मात्र हवेची जागा पाण्याने घेतली की हा गुण नाहीसा होतो. कारण स्थिर हवेपेक्षा पाणी वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते.

रायपूरच्या परिसरात वर्षाला साधारणतः १२०० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात कोसळतो. वरून झिरपणारे पाणी दिसते तरी. खालून येणारे दिसत नाही. कन्हार ही तेथील काळी चिकणमाती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते आणि विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून ते केशाकर्षणाने वर चढते.

भट्टी पेटवली म्हणजे ही ओल आपोआप वाळेल, ही समजूत अपुरी आहे. उष्णतारोधक थर आपले काम चोख करतो, म्हणूनच त्याच्या तळापर्यंत उष्णता फारशी पोचत नाही. वरच्या भागातील वाफ खाली सरकते व थंड तळाशी पुन्हा पाणी होऊन साचते. शिवाय उकळीला आलेल्या एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी खर्ची पडतात; तेवढे सरपण वाया जाते.

म्हणून पाणी अडवण्याबरोबरच त्याला बाहेरची वाटही ठेवावी लागते. जोते उंच घेऊन त्यात मुरूम भरावा व त्यावर ओलावारोधक थर द्यावा. त्याच्या वर, खाली मोकळी जागा सोडून, काँक्रीटची फरशी ओतावी व तिला आरपार छिद्रे ठेवावीत. राखेचा थर या फरशीवर येतो. छिद्रे न ठेवता राखेखाली नुसता प्लॅस्टिकचा कागद अंथरल्यास तेथे पाण्याचे कुंडच तयार होते. भट्टीवर रुंद वळचणीचे छप्पर असावे.

पावसाळ्यानंतर काही दिवस लहान जाळ करून तो क्रमाने वाढवावा. एकदम मोठा जाळ केल्यास कोंडलेल्या वाफेने तळाला तडे जातात. छिद्राखाली थंड ताटली धरावी. तिच्यावर दव जमते आहे, तोवर भट्टी वाळलेली नाही असे समजावे.