संगणकातील वाद्यवृंदाचा भार कोणी वाहावा?

एकेकाळी गाण्यासाठी व्हायोलिनांचा ताफा हवा असेल, तर वादकांना स्टुडिओत पाचारण करावे लागे. आज तोच ताफा संगणकात सामावतो. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये ‘व्हीएसटी’ हे तंत्र आणले. १९९९ मधील त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने आभासी वाद्यांना संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरचे दार खुले केले. मात्र वाद्ये वाढू लागली की संगणक धापा टाकू लागतो. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा उमटतो, मध्येच तडतड ऐकू येते आणि नुकतीच सुचलेली चाल हातची जाते. अशा वेळी महागडा नवा संगणक घेण्याचा मोह होतो. परंतु अनेकदा दोष यंत्राच्या ताकदीत नसून कामाच्या वाटणीत असतो.

संगणक ध्वनी तुकड्यातुकड्याने तयार करतो. या तुकड्याला ‘बफर’ म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंदांचा, तर १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंदांचा होतो. बफर लहान असेल, तर स्वर लगेच ऐकू येतो. पण तेवढ्या अवधीत सर्व वाद्यांचे गणित पुरे झाले नाही, तर आवाज तुटतो. म्हणूनच वादनाच्या वेळी बफर लहान आणि मिक्सिंगच्या वेळी मोठा ठेवणे इष्ट. ज्या वाद्याचे काम संपले, ते ‘फ्रीझ’ करावे. त्याचे तात्पुरते ध्वनिमुद्रण होते आणि प्रोसेसरवरील भार उतरतो.

दुसरा प्रश्न रॅमचा. एका मिनिटाचे २४ बिटचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण सुमारे १६ मेगाबाइट जागा व्यापते. एकाच व्हायोलिनचा प्रत्येक स्वर हलक्या, मध्यम व जोरकस हाताने निरनिराळा मुद्रित केलेला असतो. त्यामुळे स्वराचा केवळ आरंभ रॅममध्ये ठेवून उर्वरित भाग आयत्या वेळी डिस्कवरून वाचण्याची युक्ती योजली जाते. ही सामग्री एसएसडीवर असल्यास रॅममधील भाग आणखी कमी करता येतो.

एवढ्यानेही भागत नसेल, तर वाद्यांचे बिऱ्हाडच वेगळे करता येते. ‘व्हिएन्ना एन्सेंबल प्रो’सारखे सॉफ्टवेअर वाद्यांना मुख्य सॉफ्टवेअरच्या बाहेर सांभाळते. ते त्याच संगणकावर चालते किंवा नेटवर्क केबलने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरही. मुख्य संगणक स्वरांच्या आज्ञा पाठवतो आणि तयार ध्वनी परत घेतो. एक गाणे बंद करून दुसरे उघडले, तरी वाद्ये रॅममध्ये सज्ज राहू शकतात. ती पुन्हा भरण्यात वेळ जात नाही. या व्यवस्थेत थोडा जादा विलंब पदरी पडू शकतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

घरच्या घरी संगीत रचणाऱ्यांना याचा मोठा दिलासा आहे. बाजूला पडलेला जुना संगणकही तंतुवाद्यांचा भार वाहू शकतो. खरेदीपूर्वी कोणते काम कोणाकडे सोपवायचे, हे ठरवले तर खर्च वाचतो आणि सुचलेली चालही निसटत नाही.