पावसाळ्यातील दोन पोथ्या

आषाढाच्या सरींनी काळी जमीन भिजून सोयाबीन-तुरीचे तास हिरवे दिसू लागले, की हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव आणि त्याच्या आसपासच्या मुलुखात ग्रंथश्रवणाचा हंगाम सुरू होतो. देवळात चातुर्मासाची पोथी लागते आणि बुद्धविहारात आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाचे वाचन सुरू होते. तत्त्वज्ञान हा विद्यापीठांच्या दप्तरातील विषय आहे अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी मराठवाड्यातील खेड्यांचा हा रिवाज अवश्य पाहावा. दिवसभर निंदण-खुरपण करून आलेली माणसे येथे मांडी घालून जे ऐकतात, ते भारतीय चिंतनातील अत्यंत गहन असे प्रश्न असतात.

ही दोन्ही व्रते पावसाळ्यातच का यावीत, याचे उत्तर विनयपिटकातील महावग्गात सापडते. भिक्षू पावसाळ्यातही गावोगाव फिरतात, कोवळे गवत तुडवतात आणि असंख्य सूक्ष्म जीव त्यांच्या पायांखाली मरतात, असा बोभाटा लोकांनी केला; तो कानी आल्यावर बुद्धाने भिक्षूंना वर्षाकाळी एकाच ठिकाणी वास करण्याचा नियम घालून दिला. ज्याने पहिल्या पावसानंतरचा नुकता तरारलेला अंकुर स्वतःच्या शेतात पाहिला आहे, त्याला या तक्रारीचे गांभीर्य निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय पाहावा. गीतेच्या मूळ श्लोकात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये ‘अहिंसा’ हा शब्द एकदाच, इतर लक्षणांच्या रांगेत येतो. परंतु शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास गीतेवर भाष्य करणाऱ्या ज्ञानदेवांनी त्या एका शब्दापाशी थांबून शंभरएक ओव्या खर्ची घातल्या आहेत. अहिंसक पुरुष पाऊल कसे टाकतो, बोलताना शब्द कसा मऊ करतो, त्याची दृष्टी आणि त्याचे हात कसे वागतात, याचे इतके बारीक वर्णन मला दुसऱ्या कोणत्याही भाष्यात आढळले नाही. त्यांतही आरंभ चालण्यापासून आहे: बगळ्याने पाण्याची लाटसुद्धा मोडू नये अशा बेताने पाय टाकावा, तसे त्याचे चालणे. महावग्गातील त्या तक्रारीला अठराशे वर्षांनी मराठीत मिळालेले हे उत्तरच होय, असे मी मानतो.

गोरेगावकरांना ज्ञानदेव परके वाटण्याचे कारण नाही. ज्या नामदेवांनी ज्ञानदेवांच्या तीर्थयात्रेची आणि समाधीची हकिकत अभंगांतून सांगितली, त्यांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी याच जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी आहे.

विहारात बहुधा वाचला जातो तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली प्रसिद्ध झाला. त्याचे आठ खंड असून वाक्यांना अनुक्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला काल कोठे थांबलो ते चटकन सापडते आणि ऐकणाऱ्याला नेमके वाक्य पुन्हा वाचावयास सांगता येते. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही रूढ कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय यांचा तंटा रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटतो, सिद्धार्थ भर संघात युद्धाला विरोध करतो आणि त्या विरोधापायी परिव्रज्या पत्करतो. पाण्याच्या पाळीवरून भाऊबंदांत फौजदारी झालेली ज्यांनी पाहिली आहे, ते श्रोते हा भाग किती एकाग्रतेने ऐकत असतील, हे सांगावयास नको.

दोन्ही ग्रंथांचा सिद्धान्त एकच आहे, असे म्हणून समेट घडवून आणणे मला मान्य नाही. ज्ञानेश्वरी आत्मतत्त्वाच्या अनुभवाकडे नेते. बाबासाहेबांचा बुद्ध आत्म्याचे अस्तित्वच नाकारतो आणि माणसाचे माणसाशी वर्तन हाच धम्माचा विषय मानतो. हा भेद मुळाशी जाणारा आहे, आणि तो झाकण्यापेक्षा एका आळीतल्या श्रोत्याने दुसऱ्या आळीत जाऊन, तेथील ग्रंथ तेथल्या माणसांच्या तोंडून ऐकणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे. विनयपिटकाने याचीही एक रीत घालून दिली आहे: वर्षावास संपताना पवारणेच्या विधीत प्रत्येक भिक्षू संघापुढे उकिडवा बसून, आपल्या हातून घडलेला जो दोष कोणी पाहिला, ऐकला वा ज्याची कोणास शंका आली असेल, तो आपणास स्पष्ट सांगावा, अशी विनंती करतो.