मुखत्यारपत्र : नोटरीचा शिक्का कुठवर चालतो?

दुसऱ्याच्या वतीने आणि दुसऱ्याच्या नावाने काम करण्याचा लेखी अधिकार म्हणजे मुखत्यारपत्र. त्यासाठी 1882 चा स्वतंत्र कायदा आहे, पण तो जेमतेम काही कलमांचा. अधिकार देणारा आणि मुखत्यार यांचे नाते प्रत्यक्षात 1872 च्या भारतीय करार कायद्यातील प्रतिनिधित्वाच्या तरतुदींनी ठरते. अनेक व्यवहार एकत्र सोपवले तर ते कुलमुखत्यारपत्र, एकाच कामापुरते असेल तर खास मुखत्यारपत्र. खास पत्रात गैरवापराला वाव कमी असतो. तरीही लोक वकिलाकडे जाऊन बहुधा ‘कुलमुखत्यार’च मागतात.

मजकुराच्या बाबतीत न्यायालये कडक असतात. जे लिहिले आहे तेवढाच अधिकार, त्यापलीकडचा गृहीत धरला जात नाही. घर भाड्याने देण्याच्या अधिकारात ते गहाण ठेवण्याचा अधिकार येत नाही. विक्रीसाठी पत्र करायचे असेल तर करार करणे, पैसे स्वीकारणे, खरेदीखतावर सही करणे, ते नोंदणीसाठी सादर करणे आणि ताबा देणे हे सगळे वेगवेगळे लिहिलेले बरे. मिळकतीचे वर्णनही सातबारा, मिळकत पत्रिका किंवा फ्लॅटच्या करारनाम्याशी तंतोतंत जुळले पाहिजे. न्यायालयात साक्ष देण्याला आणखी एक मर्यादा आहे. ज्या गोष्टी मूळ व्यक्तीलाच ठाऊक असतात त्यांच्याबद्दल मुखत्यार तिच्या जागी साक्ष देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी खटल्यात म्हटले आहे.

मजकूर ठरला की प्रश्न येतो मुद्रांकाचा. महाराष्ट्रात साध्या मुखत्यारपत्राला 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. स्थावर मिळकत विकण्याचा अधिकार दिला की मात्र हिशेब बदलतो. मोबदला न घेता आई-वडील, भावंडे, पती-पत्नी, मुले, नातवंडे अशा जवळच्या नातलगाला असा अधिकार दिला तर 500 रुपयेच पुरतात. तोच अधिकार मित्राला किंवा शेजाऱ्याला दिला, तर एक रुपयाही घेतलेला नसताना खरेदीखताइतके, म्हणजे मिळकतीच्या बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क लागू शकते. मुखत्यारपत्राच्या आडून होणाऱ्या विक्रीला आळा घालण्यासाठी ही तरतूद आहे, पण विश्वासाने मित्राच्या हाती कारभार देणाऱ्यालाही तिचा फटका बसतो. पुनर्विकासात विकासकाला दिलेल्या पत्रावर विकसन करारासारखेच शुल्क आहे; मात्र करारावर ते पूर्ण भरलेले असेल तर त्याच व्यवहाराच्या पत्रावर पुन्हा तेवढे भरावे लागत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. महाराष्ट्रात घेतलेला मुद्रांक कागद सहा महिन्यांत वापरावा लागतो, कपाटातला जुना कागद चालत नाही.

यानंतर नोटरी. 1952 च्या नोटरी कायद्यानुसार केंद्र किंवा राज्य सरकार नोटरी नेमते. नोटरी व्हायला वकिलीचा साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो. महिला आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गातील वकिलांना सात वर्षे पुरतात. प्रत्येकाला ठरावीक कार्यक्षेत्र आणि मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. नियमांनी शिक्क्याचा आकारही ठरवून दिला आहे. तो पाच सेंटीमीटर व्यासाचा गोल असतो आणि त्यावर नोटरीचे नाव, कार्यक्षेत्र, नोंदणी क्रमांक यांचा उल्लेख असतो. शिक्क्यावरचे कार्यक्षेत्र आणि कागद जिथे झाला ते ठिकाण जुळते का, हे तिथल्या तिथे पाहून घ्यावे.

नोटरीपुढे अधिकार देणाऱ्याने स्वतः हजर राहावे लागते. ओळखपत्र दाखवायचे, प्रत्येक पानावर आणि शेवटी सही करायची, अंगठा द्यायचा, फोटो चिकटवायचा. मुखत्यारानेही सही करून अधिकार स्वीकारल्याचे नमूद करावे आणि दोन साक्षीदार असावेत, अशी पद्धत आहे. मग नोटरी सही, शिक्का आणि नोटरीचे तिकीट लावून कागदावर आपल्या नोंदवहीतला अनुक्रमांक टाकतो. या नोंदवहीत पक्षकाराचीही सही घेतली जाते. पुढे सहीवरून वाद झाला तर न्यायालय आधी ही वही मागवते. वहीत नोंद सापडली नाही तर शिक्क्याला फारशी किंमत उरत नाही. न्यायालयांच्या आवारात काही टेबलांवर, सही करणारा माणूस समोर नसतानाही शिक्का मारून मिळतो. असा कागद हाती आला की काम झाल्यासारखे वाटते, पण कसोटीची वेळ आली की तो सर्वांत आधी कोसळतो.

रीतसर नोटरी केलेल्या पत्राचा खरा फायदा पुराव्यात आहे. नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यापुढे सही झालेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले मुखत्यारपत्र खरे आहे असे न्यायालय धरून चालते. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 85 होते आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. सही खोटी आहे असे म्हणणाऱ्याला ते सिद्ध करावे लागते. मात्र हे गृहीतक सही आणि ओळख यांच्यापुरतेच आहे. अधिकार देणारा त्या मिळकतीचा मालक आहे का, मजकूर कायदेशीर आहे का, याची हमी नोटरी देत नाही.

बँकेचे व्यवहार, भाडेकरूशी पत्रव्यवहार, वीजजोडणी, करभरणा, न्यायालयीन दाव्याची देखरेख अशा कामांना नोटरीचे पत्र बहुतेक ठिकाणी पुरते. बँका मात्र बऱ्याचदा आपल्याच नमुन्यात पत्र मागतात, म्हणून नोटरीकडे जाण्याआधी शाखेत विचारून घ्यावे. अडचण येते ती दुय्यम निबंधकाकडे. 1908 च्या नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे, भारतात राहणाऱ्या व्यक्तीच्या वतीने मुखत्याराने दस्त नोंदणीसाठी सादर करायचा असेल, तर त्याचे मुखत्यारपत्र त्या व्यक्तीच्या राहत्या भागातील निबंधकापुढे किंवा दुय्यम निबंधकापुढे सही होऊन अधिप्रमाणित झालेले असावे लागते. इथे नोटरीचा शिक्का चालत नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनी टंडन खटल्यात एक फरक सांगितला. मुखत्याराने मूळ मालकासाठी दस्तावर स्वतः सही केली असेल तर तोच दस्त करून देणारा ठरतो आणि कलम 33 चे अधिप्रमाणन त्याला लागत नाही. निकाल स्पष्ट असला तरी प्रत्येक कार्यालयात आणि प्रत्येक खरेदीदाराच्या वकिलापुढे तो समजावत बसण्यापेक्षा, जमीन किंवा फ्लॅट विकायचा असेल तर सुरुवातीलाच दुय्यम निबंधकाकडे जावे. आजारपणामुळे कार्यालयात जाता न येणाऱ्या व्यक्तीच्या घरी जाऊन अधिकाऱ्याने सही घेण्याची सोयही कायद्यात आहे. अशी गृहभेट मागणारे लोक फार थोडे असतात.

कलम 33 मध्ये नोटरीला पुन्हा जागा मिळते ती परदेशात राहणाऱ्यांसाठी. तिथल्या नोटरीपुढे, न्यायालयापुढे किंवा भारतीय वाणिज्यदूतापुढे सही केलेले आणि त्यांनी प्रमाणित केलेले पत्र चालते. यात किती बारकाई लागते हे 1970 च्या जुगराज सिंह विरुद्ध जसवंत सिंह खटल्यातून दिसले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मालकाने पंजाबातील जमिनीसाठी पत्र केले. त्यावर नोटरीची सही होती, पण सही करणाऱ्याची ओळख पटवून घेतल्याचा उल्लेख नव्हता. तेवढ्यावर पत्र अपुरे ठरले. मालकाने दुसरे पत्र केले, त्यात ही उणीव भरून निघाली आणि आधीच्या व्यवहाराला मान्यताही दिली होती, म्हणून व्यवहार वाचला. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी माणसाने पुण्यातल्या फ्लॅटसाठी पत्र पाठवताना नोटरीच्या प्रमाणपत्रात ओळख पटवल्याचे वाक्य आहे का, हे आधी वाचावे.

त्यानंतर अमेरिकेतल्या त्या राज्याच्या सरकारकडून अपोस्टिल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून दिले जाणारे प्रमाणपत्र, घ्यावे. 1961 च्या हेग करारातून आलेली ही पद्धत भारताने 14 जुलै 2005 पासून स्वीकारली आहे. संयुक्त अरब अमिरातींसारख्या करारात नसलेल्या देशात राहणाऱ्यांनी थेट भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात जाऊन सही करणे सोयीचे. पत्र भारतात पोहोचले तरी काम संपत नाही. परदेशात झालेल्या कागदावर महाराष्ट्रात तो आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. त्यासाठी पाकिटावरचा टपालाचा किंवा कुरिअरचा दिनांक जपून ठेवावा. ही मुदत चुकल्याने दंड भरावा लागलेल्यांची संख्या कमी नाही.

गोव्यातली मिळकत असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिथल्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीत स्थावर मिळकत विकायला पती-पत्नी दोघांची संमती लागते, म्हणून मुंबईत स्थायिक झालेल्या गोवेकराने एकट्याच्या सहीचे मुखत्यारपत्र पाठवले तर ते अडकते. मृत्युपत्र आणि वारसांच्या दस्तांसाठी गोव्यात वेगळे विशेष नोटरी आहेत. 1952 च्या कायद्याखालचा नोटरी त्यांचे काम करू शकत नाही.

मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. 2011 मध्ये सुरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणीकृत खरेदीखताशिवाय केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही. झोपडपट्टीतील आणि गुंठेवारीच्या जागा आजही अशाच कागदांवर हात बदलतात, आणि शेवटच्या खरेदीदाराकडे मालकीचा एकही कागद नसतो.

अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला, तो दिवाळखोर ठरला किंवा त्याची मनाची स्थिती सही करण्याजोगी राहिली नाही, की मुखत्यारपत्र सर्वसाधारणपणे संपते. मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेल्या पत्राला, उदाहरणार्थ विकासकाच्या काही पत्रांना, वेगळा नियम लागतो. वृद्ध आई-वडिलांचे पत्र करून ठेवले की पुढचे सगळे निभावेल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे; स्मृतिभ्रंश बळावल्यावर पालकत्वासाठी न्यायालयात जावे लागते. महाराष्ट्रात नोंदणीच्या वेळी मुखत्याराकडून घोषणापत्र घेतात की अधिकार देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द झालेले नाही. ते खोटे ठरले तर नोंदणी कायद्याच्या कलम 82 नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पत्र रद्द करायचे असेल तर रद्दपत्र करून त्याची माहिती मुखत्याराला लेखी पोहोचवावी लागते. बँक, गृहनिर्माण संस्था, दुय्यम निबंधक कार्यालय यांनाही कळवावे आणि वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्यावी. कारण करार कायद्यानुसार त्रयस्थ व्यक्तीसाठी मुखत्याराचा अधिकार, तो रद्द झाल्याचे तिला कळल्यानंतरच संपतो. जुनी मूळ प्रत परत घेतलेली नसेल, तर तोवर त्या प्रतीवर केलेला व्यवहार मूळ मालकावर बंधनकारक ठरू शकतो.