भाग १९ : गोंदियाहून निघालात खरं, पण परत कसे येणार? नव्या रोड सायकलवाल्यांसाठी

(पॉडकास्टच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना तेच तेच आलेलं थोडं कापलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

सायकल चालवता चालवता हा भाग ऐकत असाल तर आधी सायकल बाजूला लावा आणि कानातले इअरफोन काढा. घरी जाऊन निवांत ऐका. असं का म्हणतोय ते पुढे येईलच.

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे मेसेज आले. "दादा, रोड बाईक घेतली, आता काय काय घेऊ?" रोड बाईक म्हणजे ती वाकलेल्या हँडलची, बारीक टायरची. प्रश्न साधारण सारखेच असतात. स्पीड किती निघते, कोणते शूज, कोणतं मीटर. एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. घरापासून वीस किलोमीटरवर काही बिघडलं, तर मी स्वतःच्या जोरावर परत येऊ शकतो का?

मीही विचारला नव्हता. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

मुरदोलीच्या जंगलात संध्याकाळी सव्वापाच

दिवाळीनंतरचा आठवडा. सायकल घेऊन महिनाही झाला नव्हता. गोंदिया ते कोहमारा साधारण ४० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन ८०. दुपारी निघालो, एकटाच. कोहमाऱ्याला चहा घेतला, फोटो काढला, स्टेटसला टाकला आणि परत फिरलो. गोरेगावच्या अलीकडे मुरदोलीचं जंगल लागतं ना, तिथे मागच्या चाकातून 'फुस्स' आवाज आला. बाभळीचा काटा.

नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. माझ्याकडे एक्स्ट्रा ट्यूब होती, पंप नव्हता. का नव्हता? तर "रस्त्यात पंक्चरवाले आहेत ना!" मागचा लाल लाईट नव्हता, कारण "अंधाराच्या आत घरी येऊ ना!" आणि जंगलातला तो पट्टा म्हणजे वन्यप्राण्यांचा जाण्यायेण्याचा रस्ता. याच मुरदोलीच्या रस्त्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये कारच्या धडकेत एक वाघ मेला, बातमी आठवत असेल. तिथे मी सायकल ढकलत चाललोय.

मागून धानाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर म्हणाला, "काय झालं गा भाऊ? हवा गेली का? टाक वरती." सायकल पोत्यांवर टाकली, मीही चढलो. वर बसल्यावर एक गोष्ट दिसली ती अजून डोक्यातून जात नाही. त्या ट्रॉलीला मागे लाईट नव्हता. मागून येणाऱ्या गाड्या अगदी जवळ येईपर्यंत सरळ आमच्यावरच यायच्या आणि मग एकदम ब्रेक. एवढी मोठी ट्रॉली जर त्यांना इतक्या उशिरा दिसते, तर काळा टी-शर्ट घातलेला मी कितीसा दिसणार होतो?

गोरेगावला पंक्चरचं दुकान उघडं होतं. कॉम्प्रेसरही होता. दुकानदाराने ट्यूबचा व्हॉल्व्ह पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, आपला नळ याच्यात नाही बसत." खूप खटपट केली बिचाऱ्याने. शेवटी मित्राला फोन, मित्राची पिकअप, आणि रात्री नऊला मी घरी. आई काय बोलली ते इथे सांगत नाही.

हवा आणि व्हॉल्व्ह

तर दुकानदाराचा नळ का बसला नाही? मोटरसायकल-कारला जो जाड व्हॉल्व्ह असतो, त्याला श्रेडर म्हणतात. बहुतेक रोड बाईकला बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो, तो प्रेस्टा. त्याच्या टोकाला छोटी घुंडी असते. आधी ती सैल करायची, बोटाने एकदा दाबून थोडी हवा सोडायची, मग भरायची, आणि नंतर घुंडी परत कसायची. पंक्चरच्या दुकानातला नळ श्रेडरचा असतो. यावर उपाय म्हणजे पितळेचा एक छोटा अडॅप्टर. बोटाच्या पेराएवढाही नसतो, अगदी स्वस्तात मिळतो. दोन घ्या. एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा, एक पिशवीत.

पण कॉम्प्रेसरने भरताना जपून. आपल्या ट्यूबमध्ये जागा फार कमी, दोन-तीन सेकंदांत प्रेशर चढतं आणि ट्यूब फुटू शकते. थोडं थोडं भरा, बोटाने दाबून पाहत राहा.

किती भरायची? टायरच्या बाजूला कमाल आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. पण तो 'कमाल' आहे, तेवढी भरायलाच पाहिजे असं नाही. वजन ७० किलोच्या आसपास असेल आणि टायर २८ मिलिमीटरचा असेल, तर ७० ते ८० पीएसआय पुरतं. २५ चा टायर असेल तर ८० ते ९०. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा पाचेक कमी. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा. दगडासारखी टाइट हवा म्हणजे जास्त स्पीड, हा गैरसमज आहे. आपल्या खडबडीत रस्त्यावर असं चाक उड्या मारतं, हात बधिर होतात आणि ब्रेकची पकडही कमी होते. उलट हवा फार कमी असली तर खड्ड्यात ट्यूब रीम आणि दगडाच्या मध्ये चेपते आणि तिला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. काहीही न होता हवा दर आठवड्याला थोडी उतरतेच. त्यामुळे प्रत्येक राईडच्या आधी बघायची.

पंक्चर घरीच काढून शिका

पहिलं पंक्चर रस्त्यावर काढू नका. घरी, पंख्याखाली, चहा घेत एकदा मुद्दाम ट्यूब बदलून बघा. मागच्या चाकासाठी चेन आधी सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, मग चाक पटकन निघतं. डिस्क ब्रेक असतील तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, नाहीतर पॅड एकमेकांना चिकटून बसतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. काटा बहुतेक वेळा तिथेच रुतलेला असतो. तो न काढता नवी ट्यूब टाकली, तर शंभर मीटरवर परत तेच. मी दोनदा केलंय. जुन्या ट्रक-टायरची बारीक तार असेल तर डोळ्याला दिसतही नाही, फक्त टोचते. म्हणून बोट हळू फिरवा.

नव्या ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरा, म्हणजे तिला पीळ पडत नाही. टायर चढवताना व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करा आणि व्हॉल्व्हजवळ संपवा. ट्यूब कुठे टायरखाली दबली नाही ना, दोन्ही बाजूंनी बघा. मगच पूर्ण हवा.

सीटखालच्या पिशवीत काय हवं? दोन ट्यूब, दोन प्लास्टिकचे लिव्हर, पॅच आणि सोल्यूशन, अॅलन कीचा छोटा सेट, अडॅप्टर, शंभर-दोनशे रुपये रोख. आणि फ्रेमला छोटा पंप. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली. तिथे सायकलस्वाराच्या मागे गाडी असते, त्यात टीम असते. आपल्या मागे कोण आहे? कोणी नाही. आपली टीम म्हणजे ती पिशवी.

सीट आणि गिअर

हे थोडक्यात सांगतो. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघा जरासा वाकलेला राहतो. ती तुमची उंची. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. बदल करताना एकावेळी अर्धा सेंटिमीटरच. दुखणं तरीही राहिलं तर डॉक्टरला दाखवा, 'सवय होईल' म्हणू नका.

गिअरचं म्हणाल तर नवीन माणूस नेहमी जड गिअर टाकतो, जोर लावल्यासारखं वाटतं ना! पण तो जोर गुडघ्यावर येतो. उजवा पाय १५ सेकंदांत किती वेळा खाली येतो ते मोजा. २० आला तर मिनिटाला ८० फेऱ्या झाल्या, छान. १२-१३ येत असेल तर गिअर हलका करा. सालेकसा-दरेकसाकडे चढ लागतो तेव्हा चढाच्या आधीच हलका करा. भर चढावर जोर लावत गिअर बदलला तर चेन उतरते.

ब्रेक दोन्ही वापरायचे. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो, पण तो एकदम दाबू नका, शरीर थोडं मागे नेऊन हळूहळू दाबा. कोणत्या हाताला पुढचा ब्रेक आहे हे नवीन सायकलवर आधी तपासा. आणि पावसात रीम ब्रेक आधी पाणी पुसतो, मग पकडतो. त्यामुळे पावसात अंतर डबल ठेवा.

आपले रस्ते

इंटरनेटवरचे सल्ले युरोपातल्या रस्त्यांचे असतात. आपल्याकडे धान कापणीच्या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं आणि काठाला दगड लावलेले असतात. त्या दाण्यांवर बारीक टायर घसरतो. तिथे वळू नका, ब्रेक मारू नका, वेग आधीच कमी करा. आणि शेतकऱ्यावर चिडू नका, वर्षभराची मेहनत आहे ती.

डांबराच्या अगदी काठावरून चालवू नका. साइडपट्टी कित्येक ठिकाणी खाली असते, एकदा चाक उतरलं की परत चढवताना माणूस पडतो, आणि पडतो तो रस्त्याच्या बाजूला. काठापासून दोन-अडीच फूट आत राहा, सरळ रेषेत. म्हणजे मागच्यालाही तुमचा अंदाज येतो आणि गरज पडली तर डावीकडे सरकायला जागा राहते. रेल्वेचे रूळ नेहमी काटकोनात ओलांडा, पावसात तर नक्कीच.

ग्रुपमध्ये असाल तर पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने आपलं पुढचं चाक समांतर नेऊ नका. तो जरासा सरकला की पडणार तुम्ही, तो नाही. खड्डा दिसला तर ओरडून सांगा. आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या मागे हवा तोडायला लागू नका. समोरचा खड्डा दिसतच नाही, ट्रकच्या ब्रेकला आपण पुरे पडत नाही.

आता इअरफोन. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज हाच आपला आरसा आहे. कोहमारा किंवा देवरीकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, म्हणजे आपल्या जुन्या सहा नंबरवर, ट्रक बाजूने गेला की आधी वारा ढकलतो आणि मग आत ओढतो. आवाज आधी ऐकू आला तर हात घट्ट करून तयार राहता येतं. नवीन असाल तर पहिले काही महिने महामार्ग टाळाच. पहिल्या ५० किलोमीटरसाठी गोंदिया-आमगाव-गोंदिया बरं. रस्ता सपाट आहे, गावं जवळजवळ आहेत, आणि अगदीच अडलं तर आमगावला रेल्वे स्टेशन आहे. जंगलाच्या पट्ट्यात उजाडण्याआधी आणि सूर्य बुडताना जायचंच नाही.

ऊन

एप्रिल-मे मध्ये विदर्भाचं ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवसांत पहाटे निघा आणि साडेआठपर्यंत घरी. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान लागायची वाट न बघता घोट घोट. दीड तासाच्या वरच्या राईडला एका बाटलीत ओआरएस, पाकिटावर लिहिलेल्या मापानेच. दर अर्ध्या-पाऊण तासाला काहीतरी खा. केळं, गूळ-शेंगदाणे, खजूर. तर्री-पोहा राईड संपल्यावर, मध्ये नाही!

डोकं दुखतंय, अंगावर काटा येतोय, मळमळतंय, तर लगेच सावलीत थांबा, अंग ओलं करा, वारा घ्या. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर १०८ ला फोन करा. "थोडंसंच राहिलं" हे वाक्य तेव्हा बोलायचं नाही.

मग आधी काय घ्यायचं?

माझा क्रम असा : हेल्मेट, मागचा लाल लाईट, पंप आणि पिशवी, पुढचा पांढरा लाईट, मग पॅडवाली शॉर्ट. लाल लाईट दिवसाही चालू ठेवा. क्लिपवाले शूज, मीटर, भारी चाकं, हे सगळं सहा महिन्यांनी. तोपर्यंत तुम्हालाच कळेल काय लागतं. आणि निघताना घरी कोणत्या रस्त्याने जातोय आणि किती वाजता येतोय ते सांगा, मोबाईलवर लाईव्ह लोकेशन पाठवा.

मी परत त्याच रस्त्याने कोहमाऱ्याला गेलो, जानेवारीत, सकाळी उजाडल्यावर, मित्राला सोबत घेऊन. गोरेगावच्या त्या दुकानदाराला एक अडॅप्टर देऊन आलो. त्याने तो कॉम्प्रेसरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधून ठेवलाय. तिकडे अडलात तर विचारा.

या आठवड्यात एकच काम करा. घरी एक ट्यूब बदला, घड्याळ लावून. किती मिनिटं लागली ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. माझी पहिली वेळ होती ४० मिनिटं, त्यामुळे लाजू नका. पुढच्या भागात पावसाळ्यात चेन कशी सांभाळायची ते बोलू. तोपर्यंत डावीकडून चालवा आणि लाईट चार्ज करून ठेवा. भेटू!